पळ आणि प्राण

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचीं माणसें. पोफळीच्या वाडीपलीकडे समुद्राची गाज अहोरात्र चालू असते, आणि लहानपणापासून ती ऐकत आल्यामुळें तिचें भय असें वाटत नाहीं. परंतु दर वर्षीं सुट्टीच्या दिवसांत हाच समुद्र कोणा ना कोणाच्या घरचा दिवा विझवितो. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी एकाच दिवशीं बुडाले. ती वार्ता ऐकून किनाऱ्यावरील गांवोगांवच्या घरांत त्या रात्रीं कोणास अन्न गोड लागलें नसेल.

मृत्यु कांहीं केवळ समुद्रांतूनच येतो असें नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमचे वडील बंधु सकाळीं वाडींत शिंपणें चालू असतांना एकाएकीं कोसळले. आम्ही घरचीं आठ माणसें भोंवतीं जमलों. कोणीं कांदा हुंगविला, कोणीं तळपाय चोळले, कोणीं तोंडांत पाणी घालण्याचा यत्न केला. डॉक्टर येण्यास अर्धा तास लागला. ते आले तेव्हां सारें संपलें होतें. त्यांनीं सहज विचारलें, "छातीवर दाब कोणीं दिला होता काय?" कोणींच उत्तर दिलें नाहीं. आठ माणसांचे सोळा हात तेथें होते, आणि त्यांतील एकासहि काय करावें हें ठाऊक नव्हतें.

गेल्या दिवाळींत त्याच बंधूंची नात घरीं आली. ती वैद्यकीचा अभ्यास करीत आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं तिनें लहानथोर सर्वांस माजघरांत बसविलें, एक घट्ट लोड जमिनीवर ठेविला आणि ज्यास सीपीआर म्हणतात ती कृति करून दाखविली. मग आमच्यावर पाळी आली. आयुष्यभर मुलांकडून कवायत करून घेतलेली असल्यामुळें ताल आपल्या हातांत आहे अशी आमची समजूत होती. पांचसात दाब होतात न होतात तोंच ती म्हणाली, "धाकटे आजोबा, तुम्ही फार घाई करतां." आम्हीं हात आंवरला, तर तो मंद पडूं लागला. तेव्हां तिनें आपला मोबाईल शेजारीं ठेवून त्यांतील एक ॲप सुरू केलें. त्यांतून 'टक्, टक्' असा समान ठोका येऊं लागला, आणि त्यासरशीं आमचा हात मार्गावर आला.

या विद्येचा उगम मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथें कूवेनहोवेन नांवाचे विजेचे एक वृद्ध इंजिनियर आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर विजेच्या धक्क्याचे प्रयोग करीत असतां, धक्का देण्याचीं जड साधनें छातीवर दाबतांच शरीरांतील रक्ताचा दाब किंचित् वाढतो असें दिसून आलें. त्या लहानशा निरीक्षणावरून, छाती न फाडतां बाहेरूनच हृदयास चालना देतां येते हें सिद्ध झालें, व १९६० सालीं तें जगापुढें आलें. आरंभीं दाबांची गति मिनिटास साठाच्या आसपास सांगत असत. अनुभवानें ती वाढत गेली, आणि २०१५ पासून शंभर ते एकशें वीस ही मर्यादा ठरलेली आहे.

ही मर्यादा कां? हृदय थांबलें म्हणजे छातीवरील आपला दाब हाच हृदयाचा ठोका होतो. हात खालीं जातो तेव्हां रक्त मेंदूकडे ढकललें जातें. हात वर येतो तेव्हां हृदय पुन्हां भरतें. फार घाई केली तर भरण्यास अवसर मिळत नाहीं आणि रिकाम्या मोटेनें पाणी काढावें तसें होतें. फार सावकाश केलें तर जमलेला दाब मध्येंच ओसरतो. उत्तम रीतीनें केलें तरी नेहमींच्या प्रवाहाच्या चतुर्थांश ते तृतीयांश एवढेंच रक्त वाहतें. त्यांत आपल्या चुकीनें आणखी तूट यावी हें परवडणारें नाहीं. कारण रक्त न मिळाल्यास चारसहा मिनिटांतच मेंदूची हानि होऊं लागते.

आमच्यासारख्या जुन्या माणसास हा हिशेब आपल्या मापांत मांडून पाहण्याचा मोह आंवरला नाहीं. साठ गुरु अक्षरांचा काळ म्हणजे एक विनाडी, आणि तीच सहा प्राणांची, असें मान आर्यभटीयांत दिलें आहे. विनाडी म्हणजेच आपलें पळ, चोवीस सेकंदांचें. म्हणजे चार सेकंदांस आपल्या पूर्वजांनीं 'प्राण' हें नांव दिलें! एका पळांत चाळीस ते अठ्ठेचाळीस दाब व्हावे. एका प्राणांत सात. काळाचें माप आणि जीव या दोहोंस एकच शब्द कां, हें आम्हांस इतकीं वर्षें पढवूनहि उमगलें नव्हतें. तें त्या लोडापुढें गुडघे टेंकून बसल्यावर उमगलें.

तोंडानें मोजलें तर ॲप कशास हवें, असा प्रश्न आम्हींहि केला. परंतु तीस दाब मोजतांना एक विघ्न येतें. 'एक, दोन, तीन' हे शब्द आंखूड. 'अठ्ठावीस, एकोणतीस' हे लांबलचक. शब्द लांबला कीं हात रेंगाळतो. म्हणून एकापासून दहापर्यंत तीनदां मोजणें हें बरें. शिवाय समोर आपलें माणूस पडलें असतां स्वतःचेंच काळीज इतकें धडधडत असतें कीं, हात त्याच्या मागें धांवूं लागतो. ठोका देणारें यंत्र मात्र भीत नाहीं, हाच त्याचा गुण.

अशीं ॲपें मोबाईलवर फुकट मिळतात. संगीताचे विद्यार्थी जें मेट्रोनोम वापरतात तेंहि चालतें. त्यावर ११० हा आंकडा लावून ठेवावा म्हणजे झालें. पण सूचना दोन. संकटाच्या क्षणीं ॲप शोधण्यांत वेळ दवडूं नये. तें आधींच उतरवून घ्यावें आणि घरांतील दोघातिघांस तें उघडतां यावें. सांपडलें नाहीं तर तसेंच दाब देण्यास लागावें. दुसरें, यंत्र गति सांगतें, खोली सांगत नाहीं. मोठ्या माणसाची छाती पांच ते सहा सेंटिमीटर खालीं गेली पाहिजे, आणि प्रत्येक दाबानंतर ती पुरती वर येऊं दिली पाहिजे. ठोक्याशीं हात जुळविण्याच्या नादांत दाब उथळ झाला तर सारा खटाटोप व्यर्थ.

कृति थोडक्यांत अशी: माणूस हांकेस ओ देत नाहीं व नीट श्वास घेत नाहीं असें दिसतांच एकानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अधूनमधून लागणारी धाप म्हणजे श्वास नव्हे. रोग्यास कठीण जमिनीवर उताणें निजवून छातीच्या मध्यावरील हाडाच्या खालच्या भागावर एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोंपर ताठ, असे दाब द्यावे. शिकलेल्यानें तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावे. न शिकलेल्यानें नुसते दाब चालू ठेविले तरी तें मोलाचें आहे. आपल्याकडील भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेंहि २०१७ सालीं सामान्य लोकांसाठीं तीच रीत सांगितली.

बुडालेल्याची गोष्ट मात्र थोडी निराळी. तेथें हृदय थांबतें तें हवा न मिळाल्यामुळें. म्हणून ज्यास येतें त्यानें प्रथम श्वास द्यावे, मग दाब. पोटांतील पाणी काढण्यासाठीं पोट दाबणें किंवा उलटें टांगणें ही किनाऱ्यावरील जुनी रीत आहे. ती सोडून दिली पाहिजे. तींत वेळ जातो आणि पोटांतलें वर येऊन श्वासनलिकेंत शिरतें.

दोन मिनिटांत धडधाकट तरुणहि थकतो, आणि थकल्याचें त्यास कळत नाहीं. म्हणून दर दोन मिनिटांनीं माणूस बदलावा. येथें एकत्र कुटुंबाचा मोठा उपयोग आहे. एकानें दाब द्यावे, दुसऱ्यानें तयार असावें, तिसऱ्यानें मोबाईल धरावा, चौथ्यानें रुग्णवाहिकेस वाट दाखविण्यासाठीं रस्त्यावर उभें राहावें. सुनांलेकींनीं व सासवांनींहि हें शिकावें. दुपारीं घरांत बहुधा त्याच असतात.

असें केल्यानें प्रत्येक माणूस वांचतोच असें नाहीं. आमचे बंधु वांचलेच असते असेंहि आम्ही म्हणत नाहीं. परंतु कांहीं न करतां उभें राहण्याची खंत उरली नसती. आतां दर एकादशीस, फराळाच्या आधीं, माजघरांत लोड येतो, मोबाईलचा ठोका सुरू होतो आणि घरांतील एकेक जण दोन दोन मिनिटें हात चालवितो. वाचकांनींहि आपल्या घरीं हा पाठ सुरू करावा. त्यास फार वेळ लागत नाहीं. पांच पळें पुरे.