सिएरा नेवाडाची तळी आणि परका मासा

कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व भागात सुमारे ६४० किलोमीटर लांबीची सिएरा नेवाडा ही पर्वतरांग आहे. प्राचीन हिमनद्यांनी तिचा ग्रॅनाइट कोरून काढला आणि त्या खळग्यांत वितळलेल्या बर्फाचे पाणी साठून हजारो लहान तळी निर्माण झाली. योसेमिटीपासून ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीपर्यंत जाणाऱ्या जॉन म्यूर पायवाटेचे पदयात्री यांच्याच आसपास मुक्काम करतात. पाणी इतके नितळ की तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा.

यांतील बहुतेक उंच तळ्यांत मुळात मासा नव्हता. खालून येण्याची त्याची वाट धबधब्यांनी अडविली होती. तेथे वावर होता तो पिवळ्या पायांच्या लहानशा बेडकाचा. १९२४ साली ग्रिनेल व स्टोरर या प्राणिशास्त्रज्ञांनी योसेमिटीच्या उंच प्रदेशात हाच बेडूक सर्वांत विपुल असल्याचे नोंदविले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींसाठी ट्राउट मासे खेचरांच्या पाठीवरून, डब्यांत भरून वर नेण्यात येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर विमानातून माशांची पिल्ले तळ्यांत सोडली जाऊ लागली. प्रवासी वाढले, जमेची बाजू भरली. नावे बाजूस काय पडत आहे, हे पाहण्यासाठी मात्र कित्येक दशके कोणी वही उघडली नाही.

त्यातील मुख्य नोंद अशी. उंचावरील थंडीत या बेडकाच्या पिल्लास पूर्ण वाढीसाठी दोन ते चार वर्षे लागतात. उथळ डबकी हिवाळ्यात तळापर्यंत गोठतात किंवा उन्हाळ्यात आटतात, म्हणून त्याला खोल तळेच हवे. माशालाही तेच हवे. ट्राउटने ती पिल्ले फस्त केली, पाण्यातील किडेही खाल्ले. बेडकांवर जगणारे साप घटले, किड्यांवर पोसणाऱ्या पक्ष्यांचेही अन्न तुटले. पुढे कातडीवर वाढणाऱ्या एका बुरशीचा रोग पसरला आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मूळ ठिकाणांहून बेडूक नाहीसा झाला. २०१४ मध्ये त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झाली.

राष्ट्रीय उद्यानांनी मासे सोडणे बंद केले. पुढे निवडक तळ्यांत जाळी लावून मासे काढण्यास आरंभ झाला. काही जाळी हिवाळाभर बर्फाखालीही राहतात. यात माशांचे प्राण जातात, ही गोष्ट जड आहे. त्या माशांनी काही अपराध केला नव्हता; त्यांना तेथे माणसाने नेले होते. गळ टाकणाऱ्यांचाही विरोध होता. पण मासे गेलेल्या तळ्यांत काही वर्षांतच बेडूक पुन्हा वाढले. योसेमिटीत तर बुरशीला तोंड देऊन तगलेले बेडूक २००६ ते २०२० या काळात बारा तळ्यांत नेऊन सोडण्यात आले. त्यांपैकी काही काठांवर आता बर्फ वितळताच ते दगडांवर ऊन खात बसलेले दिसतात.