प्रकाशाची मोजपट्टी

हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे नागनाथाचे पुरातन देवालय आहे. बारा ज्योतिर्लिंगांत त्याची गणना होते. देवालयाच्या बाहेरील भिंती पायथ्यापासून कोरीव शिल्पांनी भरलेल्या असून हे काम यादवकालीन समजले जाते. परंतु मान वर करून पाहिले, म्हणजे दगडावरील नक्षी एकाएकी थांबते आणि वर साधे, निराळ्या घडणीचे शिखर दिसते. मूळचा वरचा भाग नष्ट झाल्यावर ते पुढील काळात बांधण्यात आले. मूळ शिखर नेमके कसे होते, हे आता कोण सांगणार?

अशा वास्तूची मापे घ्यावयाची तरी कशी? भिंत सपाट असती, तर दोरी व पट्टी यांवर काम भागले असते. पण मूर्तीची बोटे, वस्त्राच्या चुण्या, गळ्यातील माळा यांना पट्टी कशी लावावी? येथे प्रकाश साहाय्यास येतो.

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. तिपाईवर ठेवलेल्या यंत्रातून लेसर-किरणाचा क्षणिक झोत भिंतीवर सोडतात. तो दगडावर आपटून परततो. भिंत १५ मीटर दूर असेल, तर या जाण्यायेण्यास सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. तेवढा काळ मोजून यंत्र अंतर काढते. विहिरीत खडा टाकून आवाज येईपर्यंत अंक मोजणारी मुले हेच करीत असतात. मात्र त्यांचा खडा फारच आळशी असतो!

यंत्रातील आरसा सतत फिरत असल्यामुळे किरण दर क्षणी नव्या जागी पडतो. कोणत्या दिशेस किती अंतरावर दगड लागला, हे कळले की एक बिंदू निश्चित होतो. असे कोट्यवधी बिंदू जमतात. तथापि एका जागेवरून खांबाची मागील बाजू दिसत नाही. म्हणून यंत्र ठिकठिकाणी हलवावे लागते. दोन ठिकाणांहून दिसलेले समान भाग एकमेकांवर बसवून संगणक सारे बिंदू जुळवतो. हे काम मोठ्या चिकाटीचे आहे. जुळणी चुकली, तर एकाच खांबाचे दोन खांब दिसू लागतात! नंतर शेजारशेजारचे बिंदू जोडून लहान त्रिकोणांची जाळी विणतात व तीवर छायाचित्रांतील रंग चढवतात. मग पडद्यावर ती वास्तू हवी तशी फिरवून पाहता येते.

गुजरातेत पाटण येथील ‘राणी की वाव’ ही भव्य पायविहीर २०११ साली अशा रीतीने मोजण्यात आली.

जे पूर्वीच नष्ट झाले, ते मात्र कोणताही किरण परत आणू शकत नाही. जे उभे आहे, तेवढेच तो मोजतो. पॅरिस येथील नोत्र दाम हे प्राचीन प्रार्थनामंदिर अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने २०१० साली लेसर-किरणांनी मोजले होते. त्या वेळी एक अब्जाहून अधिक बिंदू नोंदले गेले. २०१८ साली टॅलन निवर्तला. पुढील वर्षी, १५ एप्रिल २०१९ रोजी, मंदिरास भयंकर आग लागून त्याचे लाकडी छत व उंच मनोरा कोसळला. पुनर्बांधणीच्या वेळी कारागिरांना व वास्तुतज्ज्ञांना त्याने घेतलेली मापे उपयोगी पडली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिराची दारे पुन्हा उघडली.