दीर्घिकेची खरी कड

दिव्याचा उजेड जेथें संपतो तेथें अंगण संपत नाहीं, हें कोणासहि समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु आकाशांतील दीर्घिकांविषयीं हीच गोष्ट ज्योतिषशास्त्रज्ञांना उमगावयास बराच काळ लागला. दीर्घिका म्हणजे कोट्यवधि ताऱ्यांचा समूह. आपली आकाशगंगा ही त्यांतलीच एक होय. छायाचित्रांत दीर्घिकेचें तेज जेथें मावळतें तीच तिची सीमा, असें पूर्वीं मानीत. आतां आढळून आलें आहे कीं, पुष्कळ दीर्घिका त्या सीमेच्या कितीतरी पलीकडे पसरलेल्या असतात.

हा बाहेरचा भाग मुख्यतः उज्जवायूचा, म्हणजे हायड्रोजनचा, असतो. तो थंड व विरळ असल्यामुळें डोळ्यांस दिसत नाहीं. मात्र २१ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें वीतभर लांबीच्या रेडिओ-लहरी त्यांतून निघतात. असें भाकीत हॉलंडमधील व्हान डे हुल्स्ट यांनीं १९४४ सालीं केलें, आणि १९५१ सालीं अमेरिकेंत युएन व पर्सेल यांनीं या लहरी प्रत्यक्ष टिपल्या.

अशा लहरी ऐकणारी एक प्रचंड दुर्बीण महाराष्ट्रांतच, पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या, परातीच्या आकाराच्या ३० अँटेना सुमारें २५ किलोमीटर टापूंत मांडून त्या सर्वांकडून एकाच दुर्बिणीचें काम करून घेतात.

तिनें काय दाखविलें याचें एक उदाहरण पाहूं. मेहकरच्या शिवारांतून उत्तरेकडे दिसणारे सप्तर्षि सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्याच तारकासमूहांत, सुमारें १ कोटि प्रकाशवर्षें दूर, एन्. जी. सी. ३७४१ नांवाची एक अंधुक व लहानशी दीर्घिका आहे. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर व काराचेंत्सेव्ह यांनीं खोडदच्या दुर्बिणीनें तिचें निरीक्षण करून २००५ सालीं प्रसिद्ध केलें कीं, तिच्या वायूची तबकडी दृश्य कडेच्या ८ पटींहून अधिक दूर पोंचते. दीर्घिका भाकरीएवढी मानली, तर वायूचें रिंगण बैलगाडीच्या चाकाहूनहि मोठें होईल!

याहून नवलाची गोष्ट त्या वायूच्या वेगाची. सूर्यापासून दूरचा ग्रह जवळच्या ग्रहापेक्षां मंद फिरतो. त्याच न्यायानें कडेचा वायु मंदावयास हवा होता. पण तो मंदावत नाहीं. तेव्हां त्यास आवरून धरणारें, परंतु स्वतः न दिसणारें पुष्कळ द्रव्य तेथें असलें पाहिजे, असें अनुमान निघतें. ज्यास कृष्णद्रव्य म्हणतात तें हेंच.

या तबकड्या सपाटच असतात असें नाहीं. पळसाची पत्रावळ सुकली म्हणजे तिची एक कड वर उचलते व समोरची खालीं वळते; तसाच बांक पुष्कळ दीर्घिकांच्या बाहेरील वायूस असतो. आपल्या आकाशगंगेची कडहि अशीच वांकलेली आहे. शेजारच्या दीर्घिकेची ओढ, किंवा बाहेरून नव्यानें येऊन मिळणारा वायु, हीं याचीं कारणें मानलीं जातात.

वैशाखांतील रात्रीं चित्रेच्या ताऱ्याखालीं, दक्षिणेस सुमारें १९ अंशांवर, साध्या द्विनेत्री दुर्बिणींतून एक धूसर ठिपका दिसूं शकतो. ही एम्. ८३ दीर्घिका. तिच्या वायूचा बांक १९७४ सालींच मोजला गेला होता. त्या विरळ वायूंत तारे जन्मणें कठीण, असा समज होता. परंतु अमेरिकेनें २००३ सालीं सोडलेल्या गॅलेक्स उपग्रहानें तिच्या दृश्य कडेपलीकडे अतिनील प्रकाशाचे ठिपके टिपले. ते वायूच्याच लांब पट्ट्यांवर, माळेंत ओंवल्यासारखे होते. अतिनील किरण प्रामुख्यानें अतितप्त, अल्पायुषी ताऱ्यांपासून येतात. म्हणून जेथें ते दिसतात तेथें गेल्या सुमारें १० कोटि वर्षांत तारे जन्मले, असें समजावें. पृथ्वीचें वातावरण हे किरण बहुतेक अडवून धरतें, यास्तव उपग्रहाची गरज. भारतानें २०१५ सालीं सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीनें असे तारकागुच्छ अधिक स्पष्ट पाहतां आले. तिच्या उभारणींत पुण्याच्या आयुका संस्थेचा वाटा होता.

पुढें झालेल्या पाहणींत जवळच्या सर्पिल दीर्घिकांपैकीं निदान पांचांत एकीस अशी अतिनील तबकडी आढळली. म्हणजे हा अपवाद नव्हे. वायु सरासरीनें विरळ असला, तरी कांहीं पट्ट्यांत तो दाटतो आणि तेथें तारे निपजतात. दीर्घिका एकदां घडून संपलेली वस्तु नाहीं. तिची वाढ कडेनें अद्याप चालूं आहे. बाहेरील वायु हें तिचें पेंव आहे. तें भरलेलें असेल तोंवर नव्या ताऱ्यांचा जन्म होत राहील. तें रिकामें झालें म्हणजे जुने तारे एकेक करून विझतील, आणि नवा उजेड कोठूनहि येणार नाहीं. म्हणून दीर्घिकेचें भवितव्य पाहावयाचें, तर तिच्या तेजस्वी मध्याइतकेंच तिच्या अंधाऱ्या कडेकडे लक्ष दिलें पाहिजे.