चित्रांचें वाक्य

आमच्या घरीं रात्रींचीं जेवणें आटोपलीं, म्हणजे पूर्वीं ओटीवर गप्पांना सुरुवात होत असे. हल्लीं त्या वेळीं प्रत्येकाच्या तळहातावर एकेक लहानसा दिवा लागतो. धाकटा नातू मोटारींच्या शर्यती पाहतो, सूनबाई पाककृति पाहतात, चिरंजीव बातम्या पाहतात. आणि ‘ह्या वयांत काय हा नाद’ असें पुटपुटत मीहि चष्मा पुसून त्यांच्या पंक्तीला जाऊन बसतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, वडिलांपाशीं थोडें संस्कृत वाचलेला आणि खालापूर तालुक्यांत मुलांना वाक्यरचना शिकवितां शिकवितां निवृत्त झालेला एक साधा शिक्षक आहें. चित्रपटाच्या शास्त्रांत मला गति नाहीं. तरी ह्या चित्रफितींनीं मला दोन धडे दिले. एक आनंदानें शिकलों, दुसरा मान खालीं घालून शिकलों. ते वाचकांपुढें ठेवावे एवढाच ह्या लेखाचा हेतु.

पहिला धडा आनंदाचा. मोठ्या नातवानें एके दिवशीं यूट्यूबवर शोधून दादासाहेब फाळके ह्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ माझ्यापुढें ठेवला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वींचा तो मूकपट. मला वाटलें होतें, घटकाभर कौतुक करावें आणि झोपीं जावें. परंतु आरंभींच फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी पडद्यावर येते आणि कथेला हात घालण्यापूर्वीं नुसत्या चेहऱ्यानें एकामागून एक भाव दाखविते. पुढें हीच मुलगी कृष्ण होऊन कालियाच्या फणांवर नाचते. मीं नातवाला थांबविलें व तो भाग पुन्हां लावावयास सांगितलें. हा प्रकार माझ्या ओळखीचा होता. संस्कृत नाटकाची प्रस्तावना ती हीच! सूत्रधार आणि नटी आधीं घरगुती बोलतात, आज कोणतें नाटक करावयाचें तें ठरवितात, आपण नट आहों हें प्रेक्षकांपासून लपवीत नाहींत. आणि पाहतां पाहतां आपण दुष्यंताच्या रथामागून धांवूं लागतों. ‘ही माझी मुलगी आहे’ असें आधीं दाखवून मग तिला कृष्ण करणें, ह्यांत फसवणूक नाहीं. तो पाहणाऱ्याशीं केलेला उघड करार आहे.

फाळक्यांची आणखी एक कृति मला फार आवडते. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला कथापट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत लागला. त्याच्या आधीं त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर कसा वाढतो ह्याचें चित्रण थोडें थोडें करून अनेक दिवस चालविलें. पडद्यावर तो वेल क्षणार्धांत वर चढला, आणि ह्याच लहानशा चित्रानें भांडवल देणाऱ्याचा विश्वास त्यांनीं मिळविला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना भोंकें पाडण्यापासून सर्व मंडळींचा स्वयंपाक रांधण्यापर्यंत कष्ट करीत होत्या. तारामतीची भूमिका करावयास स्त्री मिळेना म्हणून साळुंके नांवाच्या पुरुषानें ती केली. एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरांतून हा एवढा मोठा उद्योग निघाला, ही गोष्ट एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हां लोकांना विशेष वाटावयास हवी. वाटाण्याचा वेल क्षणांत वाढत नाहीं, हें पाहणाऱ्याला ठाऊकच असतें. म्हणून काळाचा तो संक्षेप खोटा ठरत नाहीं. उलट रोज कुंडीपाशीं बसूनहि जें डोळ्यांस दिसलें नसतें तें त्यानें दाखविलें.

ह्या विद्येचें एक मोठें घर आमच्या अंगणांतच आहे. कर्जत-चौक रस्त्यावर नितीन देसाई ह्यांनीं २००५ सालीं आपला एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘लगान’, ‘देवदास’ आदि चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठीं चार वेळां राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा कलावंत. ‘जोधा अकबर’ ह्या २००८ सालच्या चित्रपटांतील मोगली वैभव येथेंच उभें राहिलें. नातवंडांना घेऊन मी एकदां तेथें गेलों होतों. धाकट्यानें एका बुलंद भिंतीवर टिचकी मारली, तों आंतून पोकळ आवाज आला. तो हिरमुसला होऊन म्हणाला, "आजोबा, हें सगळें खोटें आहे!"

मीं त्याला सांगितलें, "बाळा, कालिदासाच्या रंगभूमीवर तर रथहि नसे. राजा आणि सारथि नुसत्या अभिनयानें घोड्यांचा वेग दाखवीत, आणि तरीहि पुढें पळणारें हरीण लोकांना दिसे. भिंत पोकळ असली तर असूं दे. तिच्यापुढें उभा राहून बोलणारा पोकळ बोलतो कीं काय, तें पाहावें." ह्या भिंती उभ्या करणाऱ्याचे श्रम आणि त्याच्या शिरावरचें ओझें मात्र मुळींच पोकळ नव्हतें. २ ऑगस्ट २०२३ रोजीं त्याच वास्तूंत देसायांचा अंत झाला, तेव्हां आमच्या भागांतील अनेक घरें हळहळलीं.

आतां दुसरा धडा. तो सांगण्यापूर्वीं थोडें शास्त्र सांगतों. वाचकांनीं शिक्षकाची खोड म्हणून क्षमा करावी. तर्कशास्त्रांत असें सांगितलें आहे कीं, वाक्याचा अर्थ लागावयास तीन गोष्टी लागतात: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. ‘गाय, घोडा, मनुष्य’ असे शब्द नुसते ओळीनें उच्चारले तर वाक्य होत नाहीं. कारण एका शब्दाला दुसऱ्याची गरज नाहीं, आकांक्षा नाहीं. ‘अग्नीनें झाड शिंपावें’ ह्यांत आकांक्षा आहे, पण योग्यता नाहीं. आणि ‘गाय’ हा शब्द सकाळीं व ‘आण’ हा दुपारीं उच्चारला तर सन्निधि नाहीं.

मला असें वाटतें कीं, चित्रपट म्हणजे चित्रांचें वाक्य. पहिल्या महायुद्धानंतरच्या सुमारास रशियांत लेव्ह कुलेशोव्ह नांवाच्या दिग्दर्शकानें एक प्रयोग केला. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यानें कधीं सुपाच्या थाळीशेजारीं जोडला, तर कधीं शवपेटिकेशेजारीं. पाहणाऱ्यांना पहिल्या जोडींत भूक दिसली, दुसरींत शोक दिसला. चेहरा तोच, शेजार तेवढा बदलला. म्हणजे ह्या कलेचें सारें बळ सन्निधींत आहे, आणि धोकाहि तेथेंच आहे. बोलण्यांत शब्द दूर पडले तर अर्थ लागत नाहीं, एवढेंच नुकसान. चित्रांत मात्र ज्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं अशीं दोन चित्रें जवळ आणलीं, कीं अर्थ लागतोच. आणि तो बिनचूक चुकीचा असूं शकतो!

१९ जुलै २०२३ ची रात्र आमच्या तालुक्यांतील कोणीहि विसरणार नाहीं. इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडी ह्या ठाकर बांधवांच्या वस्तीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे भर पावसांत चिखल तुडवीत डोंगर चढून गेले. यंत्रें वर नेतां आलीं नाहींत, माणसांनीं हातांनीं माती उपसली. २७ मृतदेह सांपडले, ५७ माणसें सांपडलींच नाहींत, आणि २३ जुलैला शोध थांबविण्यांत आला.

त्याच आठवड्यांत माझ्या मोबाईलवर एक चित्रफीत आली. पावसांतला डोंगर, मग कडेलोट होऊन खालीं येणारी माती, मग एक रडणारी म्हातारी, आणि ह्या सर्वांमागें एक करुण गाणें. पाहतांना माझे डोळे भरून आले. जुळणी मोठी कुशल होती. गाण्याची सम आणि मातीचा लोट एकाच क्षणीं पडत होते. मीं क्षणभरहि विचार न करतां ती व्हॉट्सॲपवरून नातलगांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना पाठविली. वर चार शब्द स्वतःचे लिहिले. आपण कांहीं तरी केलें असें मला वाटलें, हें कबूल करतों.

दोन दिवसांनीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो त्या डोंगराखालच्याच एका वाडींतला. ओटीवर बसला, पाणी प्यायला, आणि खालीं पाहत म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहिला. त्यांत डोंगर कोसळतो ना, तिथं सुईसारख्या पानांचीं उंच झाडं आहेत. आपल्या डोंगरावर असलीं झाडं कुठं असतात?"

मी गप्प झालों. तो थोडा थांबला, मग म्हणाला, "ती रडणारी म्हातारी आमचीच. माझी मावशी ती. ती रडत होती तेव्हां तिथं कुणी गात नव्हतं, गुरुजी."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोपें गेलें असतें. ज्या मुलाच्या वहींत मीं वर्षभर तांबड्या शाईनें वाक्यें दुरुस्त केलीं, त्यानें त्या दिवशीं माझें एक वाक्य दुरुस्त केलें. हिमालयाकडची दरड आणि आमच्या डोंगराखालची म्हातारी ह्यांचा सन्निधि कोणी तरी जुळविला होता. तिच्या आकांताशेजारीं भाड्याचें गाणें बसविलें होतें, ज्याला तेथें योग्यता नव्हती. आणि तें सर्व माझ्या नांवानें पुढें गेलें होतें.

तो गेल्यावर मीं भरताच्या नाट्यशास्त्राचा विचार करीत बसलों. रंगभूमीवर प्रत्यक्ष मरण दाखवूं नये, तें प्रवेशकादिकांतून सुचवावें, असा जुन्या आचार्यांचा दंडक. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच. तरुणपणीं मला ही नुसती रूढि वाटे. आतां वाटतें, मरणारा माणूस आणि त्याच्यामागें रडणारा माणूस ह्यांना प्रेक्षकांपासून आडोसा मिळावा, एवढी माणुसकी त्या नियमांत असावी. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटांत तुकोबा विमानांत बसून जातात आणि आवली मागें राहते. दामले-फत्तेलाल ह्यांच्या त्या कृतीला १९३७ सालीं व्हेनिस येथें मान मिळाला. तें विमान खोटें आहे हें शेंबड्या पोरालाहि कळतें. मागें राहिलेल्या बायकोचें दुःख मात्र अगदीं खरें आहे. माझ्या चित्रफितींत म्हातारी खरी होती, दरडहि कोठली तरी खरीच होती. आणि दोन खऱ्यांची जुळणी करून कोणी तरी खोटें तयार केलें होतें. माझ्या नातवानें टिचकी मारावयास हवी होती ती येथें.

ज्यांना ज्यांना ती चित्रफीत पाठविली होती त्या सर्वांना मीं दुसऱ्या दिवशीं लिहिलें, कीं ती चुकीची आहे, ती पुसून टाकावी व पुढें पाठवूं नये. कांहींनीं पुसली. कांहींनीं हात जोडल्याचें चिन्ह धाडलें आणि विषय सोडून दिला. जी पुढें गेली ती गेली. सुटलेला शब्द आणि सुटलेलें चित्र परत येत नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक पद्धत पडली आहे. मन हलविणारें कांहीं दिसलें, कीं मुलें पुढें पाठविण्याआधीं ओटीवर माझ्यापाशीं येतात, आणि आम्ही तीन प्रश्न विचारतों. हें चित्र ज्याच्या शेजारीं ठेवलें आहे तेथलेंच आहे काय? ह्या आवाजाला येथें योग्यता आहे काय? आणि ह्यांत जो माणूस रडतो आहे त्याला, आपण पाहत आहों, हें आवडेल काय? पहिले दोन प्रश्न न्यायशास्त्राचे आहेत. तिसरा माझ्या विद्यार्थ्याचा आहे, आणि बहुतेक वेळां मोबाईल बाजूला ठेवला जातो तो त्या तिसऱ्यानेंच. वाचकांनीं आपल्या घरीं ही पद्धत घालून पाहावी, अशी विनंति आहे. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ मात्र मुलांना अवश्य दाखवावा. आणि मंदाकिनीचा तो पहिला चेहरा घाईघाईनें पुढें ढकलूं नये.