विश्लेषण : पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहिलेल्या लातुरात गच्चीवरची परसबाग परवडते का?

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून आलेली ‘जलदूत’ रेल्वे दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली. शहराची तहान भागवणारे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. नांदेड गोदावरीकाठी आहे, विष्णुपुरी प्रकल्पाचे पाणी शहराला मिळते; तरी उन्हाळ्यात तिथेही पाण्याची चिंता असतेच. अशा शहरांत कुंड्यांना पाणी घालणे ही चैन ठरते का? उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे.

पाणी किती लागते?

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की १२ इंची कुंडीला रोज साधारण एक ते दीड लिटर पाणी लागते. म्हणजे २० कुंड्यांना २० ते ३० लिटर. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यावर एवढी बाग परवडत नाही. त्यामुळे आधी आठवडाभर भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवून मोजावे. जेवढे भरेल, तेवढ्याच कुंड्या ठेवाव्यात.

कोणते पाणी टाळावे?

साबणाचे पाणी पालेभाज्यांना घालू नये. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. बोअरचे पाणी जड असेल तर ते आणखी वाढतात. मातीवर पांढरा थर दिसू लागला की हे पाणी थांबवावे. ते फरशी पुसायला वापरावे.

पावसाचे पाणी पुरेल का?

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १००० चौरस फूट गच्चीवर १०० मिलिमीटर पावसात सुमारे ९,३०० लिटर पाणी पडते. पण १००० लिटरची टाकी रोज ३० लिटर उपसली तर महिनाभरात रिकामी होते. पावसाळ्यातले पाणी टाकीत मे महिन्यापर्यंत टिकणार नाही. म्हणून टाकी भरल्यावर उरलेले पाणी गाळून बोअरच्या पुनर्भरणासाठी सोडणे शहाणपणाचे.

मग लावायचे काय आणि कधी?

- पावसाळा : गवार, भेंडी, दोडका, अंबाडी.
- हिवाळा : मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर. मेथी महिनाभरात ताटात येते.
- उन्हाळा : कढीपत्ता, कोरफड, गवती चहा अशी मोजकी झाडे. बाकी कुंड्यांना विश्रांती. त्यांत ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून पुढच्या हंगामाची माती तयार करावी.

पाणी कसे वाचते?

मातीवर पाचटाचे किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले की ओल टिकते. मोठ्या कुंडीत न रंगवलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले की पाणी मुळांशी हळूहळू झिरपते. दुपारच्या उन्हासाठी हिरवी जाळी बांधावी. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर घालावे. स्लॅबवर भार नको म्हणून मातीत कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळावे. जुन्या इमारतीत आधी अभियंत्याला विचारावे.

हाती काय येते?

घराचे भाजीचे बिल यातून फारसे कमी होणार नाही. पण ओला कचरा घंटागाडीत जात नाही, जाळीखालची गच्ची कमी तापते आणि डिसेंबरात वरणात घरची कोथिंबीर पडते. शिवाय रोज बादली मोजणाऱ्या घराला गळका नळ लगेच दिसतो. दुष्काळी शहरात ही सवय भाजीपेक्षाही मोलाची आहे.