पत

एखाद्या माणसाची पत किती आहे हे ओळखण्याची आमच्या गावात एक साधी खूण आहे. कर्ज काढू पाहणारा माणूस जामीनदार शोधायला निघाला, की तो पहिल्यांदा कोणाच्या ओट्यावर येऊन बसतो ते पाहावे. आमचा ओटा त्यांतला. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, चौथीपर्यंत शिकलेले. जमीन तीन एकर, पैकी एक एकर बागायत. पण दिलेला शब्द मोडला नाही अशी त्यांची ख्याती. म्हणूनच २०१७ साली त्यांच्या मावसभावाने ट्रॅक्टरसाठी एका सहकारी बँकेचे कर्ज काढले, तेव्हा जामीनदार म्हणून आण्णांनी सही केली. चहा झाला. सहीच्या वरचा मजकूर कोणी वाचला नाही. २०१८ साली दुष्काळ पडला, ट्रॅक्टरला भाडे मिळेना, आणि पुढच्या वर्षी हप्ते थांबले.

हे सारे मला ठाऊक होते. त्याचा माझ्या बी.ए.शी काही संबंध असेल, असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजला पैसे किती लागतात, हे विचारायला घरात कोणी नव्हते. लोक विचारतात, “फी किती?” खरे तर आमच्यासारख्या अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ची फी हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग म्हणजे राहणे, जेवणे, पुस्तके आणि जाणे-येणे. एस.टी.चा विद्यार्थी पास त्यातल्या त्यात स्वस्त; भाड्याच्या तीन भागांपैकी दोन भाग सवलत, एक भाग आपला.

फीसाठी सरकारी योजना आहेत. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेली ईबीसी सवलत आमच्या काही प्राध्यापकांनी स्वतः घेतलेली आहे. आज राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा वार्षिक आठ लाख रुपये. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आणि अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा, त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा. दाखल्यासाठी तलाठी, मग सेतू केंद्र, मग वाट पाहणे. एक गोष्ट मात्र नवीन मुलांनी ध्यानात ठेवावी. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. माझ्या एका वर्गमित्राची शिष्यवृत्ती सहा महिने ‘आली नाही’. ती त्याच्या जुन्या, विसरलेल्या जनधन खात्यात निवांत पडून होती!

पण या योजनांची खरी अडचण वेळेची आहे. खोलीवाला अनामत जूनमध्ये मागतो, खानावळवाला महिना आगाऊ घेतो, आणि शिष्यवृत्ती येते तेव्हा कधी कधी पुढच्या वर्षाचे वेध लागलेले असतात. मधले आठ-दहा महिने ज्याच्या घरी पैसा आहे तो सहज काढतो. ज्याच्या घरी नाही, त्याला उसने घ्यावे लागतात. आणि उसने घ्यायला पत लागते.

पहिल्या वर्षी मी आणि आण्णा बँकेत गेलो. ज्या बँकेत आण्णांचे खाते आहे ती ही वेगळी बँक. तेथे त्यांनी एक हप्तासुद्धा कधी चुकवलेला नाही. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, फक्त आईवडिलांपैकी एकाला सहकर्जदार व्हावे लागते, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होते, एवढी माहिती मी काढली होती. साहेबांनी आण्णांचा पॅन नंबर घातला, संगणकाकडे पाहिले आणि म्हणाले, “तुमचा सिबिल बसत नाही.” आण्णांना वाटले, एखादा कागद राहिला. ते म्हणाले, “उद्या आणून देतो, साहेब.”

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघे बोललो नाही.

सिबिल म्हणजे काय, हे मला नंतर आमच्या वाणिज्य विभागाच्या सरांनी स्टाफरूममध्ये बसवून समजावले. २००० साली स्थापन झालेली ही एक कंपनी. अशा आणखी तीन कंपन्या देशात आहेत. बँका आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून प्रत्येकाला ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण पडतात. साडेसातशेच्या पुढचे चांगले समजतात. जामीनदाराच्या नावावरही ते कर्ज नोंदले जाते. मावसभावाचा हप्ता थकला की आण्णांचे गुण घसरणार! भारतीय करार अधिनियम, १८७२, याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर मूळ कर्जदाराची जितकी जबाबदारी, तितकीच जामीनदाराची. आण्णांची समजूत अशी होती, की जामीनदार म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा दाखला देणारा. गावात अजूनही बहुतेकांची समजूत तीच आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. आम्ही तो काढला. अहवालात चूक असेल तर तक्रार करता येते, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचीही तरतूद आहे. पण आण्णांच्या अहवालात चूक नव्हतीच. स्वतःच्या नावावर एका पैशाची थकबाकी नाही, आणि तरी खाली ती एक ओळ. गावात पत होती म्हणून सही मागितली गेली, आणि त्या सहीने बँकेतली पत गेली. आण्णांना हे मी तीनदा समजावून सांगितले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “कळलं रे मला पहिल्यांदाच.”

आईवडिलांचा सिबिल खराब आहे एवढ्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. सरांनी ते सांगितल्यावर मी उत्साहाने पुन्हा बँकेत गेलो. साहेब सज्जन होते. “ते केरळात,” एवढेच म्हणाले.

शेवटी पैसे आले ते आईच्या बचत गटातून. दहा बायका, दरमहा शंभर रुपये बचत, आणि आपसांत शेकडा दोन रुपये महिना व्याज. म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बँकेपेक्षा खूपच महाग, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दिसते. पण बँकेने नाही म्हटले, तेथे त्या नऊ जणींनी एका बैठकीत पंधरा हजार रुपये दिले. सिबिल कोणी विचारला नाही. आईचा आजवरचा एकही हप्ता चुकलेला नव्हता, हे वहीत होते आणि सर्वांना पाठ होते.

बाकीचे ‘कमवा आणि शिका’तून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेल्या या वाटेने हजारो मुले शिकली, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण एक गंमत सांगतो. मला काम मिळाले ते ग्रंथालयात, सकाळी आठला. गावाकडची पहिली एस.टी. सव्वानऊला पोहोचते. म्हणून खोली घ्यावी लागली, आणि कामाचा मोबदला जेमतेम त्या खोलीच्या भाड्याला पुरतो! हिशेब बरोबरीत सुटतो. मात्र ग्रंथालय हाताशी आले, हा नफा कोणत्याही वहीत न धरलेला.

पुढे बी.एड. करायचे मनात आहे. तेव्हा कर्ज लागेलच. सहकर्जदार आईही होऊ शकते, असे सरांनी सांगितले. तिच्या नावावर कोणाचा जामीन नाही. हे ऐकून आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तिला म्हणाले, “सही करण्याआधी याच्याकडून सगळं वाचून घे.”

दिवाळीत शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले होते. त्यांच्या मुलाला दुकानासाठी कर्ज हवे होते. आण्णांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, “माझी सही आता चालत नाही, बाबा.” काकांना ती थट्टा वाटली. ते हसले, आणि आण्णाही हसले.

गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. माझे अजून चार हप्ते राहिले आहेत.