चोवीस की सहासष्ट?

2011च्या जनगणनेत साक्षरतेचा हिशेब सात वर्षे व त्यावरील लोकांपुरता होता. महाराष्ट्रात पुरुष 88.38 टक्के साक्षर, स्त्रिया 75.87, एकूण 82.34.

या तीन आकड्यांतच चौथा दडलेला आहे. त्यांवरून या वयोगटातला स्त्रियांचा वाटा सुमारे 48.3 टक्के निघतो. आता 0.483 ला स्त्रियांच्या निरक्षरतेच्या प्रमाणाने, म्हणजे 0.2413 ने गुणा. उत्तर 0.117, म्हणजे दर हजारी सुमारे 117 निरक्षर स्त्रिया. ही संयुक्त संभाव्यता. निरक्षर पुरुष हजारी साठच.

खरी गंमत पुढे आहे. निवडलेली व्यक्ती स्त्री असेल, तर ती निरक्षर असण्याची शक्यता 24 टक्के. पण व्यक्ती निरक्षर आहे एवढेच ठाऊक असेल, तर ती स्त्री असण्याची शक्यता 117 भागिले 177, म्हणजे 66 टक्के! अट उलटली की छेद बदलतो. घाईच्या मथळ्यांत नेमके हेच निसटते.

राज्यभरातून चिठ्ठी टाकून निवडलेल्या दोन्ही स्त्रिया साक्षर असण्याची शक्यता 0.7587 चा वर्ग, म्हणजे जवळपास 58 टक्के. मायलेकींना मात्र हा गुणाकार लागू पडत नाही. आईच्या शिक्षणाचा लेकीच्या शिक्षणाशी संबंध असतोच.